मुलगा मैदानावर गेला तर मोबाईल सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईचा मुलगा 19 वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईल, सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, जेवतानाही समोर स्क्रीन. जिमची तीन महिन्यांची फी भरली, पंधरा दिवसांत जाणं बंद. आता नातेवाईक सांगतात, क्रिकेटला घाला, गणपती मंडळात पाठवा. त्याने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमकं करायचं काय?

फरक पडतो, ताई. पण ‘खेळून अंग दमलं की मोबाईल आपोआप सुटतो’ असं जे सगळे सांगतात, त्या कारणाने नाही. दमलेला मुलगा पलंगावर आडवा पडून आणखी निवांत रील्स बघतो. जिम का टिकली नाही, यातच तुमचं उत्तर आहे. तो गेला नाही त्या दिवशी जिममध्ये कोणाचंच काही अडलं नाही. उलट रात्री अकराला त्याच्या गेममधले तिघे ऑनलाइन येऊन थांबलेले असतात आणि चौथा आल्याशिवाय त्यांचा स्क्वाड पुरा होत नाही. ‘माझ्यावाचून कोणाचं तरी अडतं’ ही भावना त्याला सध्या फक्त मोबाईलमधून मिळते आहे. सांघिक खेळ किंवा मंडळाचं काम उपयोगी पडतं ते हीच भावना ठरल्या वेळी, जित्याजागत्या माणसांत मिळते म्हणून. खेळ कोणता, वेळ कोणती, गट केवढा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

संशोधनाबद्दल फार ठासून बोललं जातं, म्हणून ते नीट सांगतो. विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणांत नियमित खेळणाऱ्यांमध्ये इंटरनेटचा अतिवापर सरासरीने कमी दिसतो, एकटेपणाही कमी दिसतो. पण एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. खेळतो म्हणून मोबाईल कमी, की मोबाईलमध्ये अडकला नाही म्हणून खेळायला वेळ मिळाला? आणि ज्याचं मन मुळातच उदास आहे तो दोन्हीकडे मागे पडतो. प्रत्यक्ष काही आठवडे मुलांना खेळायला लावून तुलना करणारे प्रयोग मुख्यतः चीन आणि दक्षिण कोरियातल्या विद्यार्थ्यांवर झाले. त्यांत सुधारणा दिसते, पण गट लहान असतात आणि कार्यक्रम संपल्यावर पुढे काय झालं हे थोड्यांनीच पाहिलं आहे. म्हणजे खेळ हा खात्रीचा उतारा नाही, पण चांगला आधार नक्की आहे. नुसत्या बंदीचं काय होतं तेही दक्षिण कोरियातच दिसलं. तिथे 2011 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला. मुलं मोठ्यांच्या नावाने लॉगिन करू लागली, खेळ कॉम्प्युटरवरून मोबाईलवर सरकला, आणि 2021 मध्ये कायदा मागे घ्यायचं ठरलं. रात्री मोबाईल हिसकावून कपाटात ठेवण्याचं घरोघरी साधारण हेच होतं.

‘व्यसन’ हा शब्दही जरा जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगसूचीत, जी जानेवारी 2022 पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे; ‘इंटरनेटचं व्यसन’ असं वेगळं निदान नाही. गेमिंग डिसऑर्डरसाठीही तीन गोष्टी लागतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा त्यालाच महत्त्व येणं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं. तेही साधारण वर्षभर. परीक्षा संपल्यावर चार रात्री जागून वेब सिरीज पाहणारा मुलगा यात बसत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा, आणि मोजणं मुलाच्या हाती द्या. मोबाईलच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइमचा हिशेब असतो. दोन आठवडे रोज तीनच आकडे वहीत लिहायचे: रात्री दहानंतर किती मिनिटं, सलग सर्वांत लांब बैठक किती, आणि सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिल्यांदा मोबाईल हातात घेतला. दिवसाची एकूण बेरीज लिहू नका. त्यात लेक्चर, नोट्स, यूपीआय, रिक्षा सगळं येतं आणि मग त्या आकड्यावरून घरात भांडण होतं. जोडीला किंबर्ली यंग यांची 1998 ची 20 प्रश्नांची चाचणी भरून घेता येईल. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 5, एकूण 100. पन्नासच्या पुढे गेलं की त्रास सुरू झालाय असं समजतात, 80 च्या पुढे गंभीर. ही चाचणी निदान करत नाही. सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी एकदा, तुलना करायला बरी पडते.

आता खेळ कोणता. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

क्रिकेट आवडतं म्हणून क्रिकेट, हा पहिला विचार. पण क्रिकेटमध्ये फलंदाजीची बाजू असते तेव्हा अकरापैकी नऊजण बाहेर बसलेले असतात, आणि बाहेर बसलेला मुलगा काय करतो हे कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहून पाहा. तासाभराच्या सरावात नवख्या मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळ दहा-पंधरा मिनिटं येतो, उरलेला वेळ मोबाईल. बॅडमिंटन चांगलं, पण जोडीदार बदलला तरी चालतं. त्याची अनुपस्थिती कोणाला जाणवत नाही. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल हे उत्तम. माझा कल मात्र खो-खोकडे आहे, आणि तो केवळ आपला खेळ म्हणून नाही.

खो-खोची रचनाच बघा. पाठलाग करणारे नऊ. आठ जण मधल्या पाटीवर चौकोनांत, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले आणि नववा पळणारा. त्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. दुसऱ्या बाजूला जायचं तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्याला खो द्यायचा. म्हणजे एकटा कितीही वेगवान असला तरी दुसऱ्याशिवाय त्याचं चालत नाही. आणि बसलेल्या आठांपैकी कोणालाही पुढच्या क्षणी खो मिळू शकतो, त्यामुळे बसलेला असूनही लक्ष हलवता येत नाही. समोर धावणाऱ्यांची तिघांची तुकडी असते, पाळी नऊ मिनिटांची. या नऊ मिनिटांत मन दुसरीकडे भटकलं की लगेच चूक दिसते, आणि ती चूक पुढच्या दहा सेकंदांत भरूनही काढता येते. मोबाईलची ओढ पटकन मिळणाऱ्या, कधी मिळेल ते न सांगता येणाऱ्या बक्षिसावर चालते. खो-खोत हेच अनिश्चित, झटपट बक्षीस आहे, पण ते दर वेळी दुसऱ्या माणसाच्या हातून मिळतं. शिवाय खर्च जवळजवळ शून्य: दोन खांब, फक्की आणि मऊ जमीन.

वडोदऱ्याला याची परंपरा आहे, तिचा फायदा घ्या. प्रोफेसर माणिकरावांमुळे नावारूपाला आलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर तुमच्या दांडिया बाजारातलंच. 1923 मध्ये हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, अखिल भारतीय सामने भरवणारा हिंद विजय जिमखानाही इथलाच. चौकशी करताना ‘स्पर्धेसाठी निवड चालू आहे का’ असं विचारू नका. ‘19 वर्षांच्या, कधी न खेळलेल्या मुलाला रोजच्या सरावात जागा मिळेल का’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी लहान वयापासून तयार झालेले खेळाडू असतात आणि त्यांच्यात 19 वर्षांचा नवशिका पहिल्याच दिवशी खजील होतो. तसं असेल तर कॉलेजातल्या किंवा गल्लीतल्या मुलांचा साधा गट जमवणं जास्त बरं. बारा जण मैदानावर हवे असतील तर पटावर 18 ते 20 नावं धरा. मात्र पंचविसाच्या वर जाऊ नका, कारण मग कोण आलं नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि तुमचा सगळा आधारच जातो.

पहिल्या दोन आठवड्यांत मोबाईलविषयी घरात अवाक्षर काढायचं नाही. आठवड्याला तीन दिवस, पहिल्या आठवड्यात 40 मिनिटं, मग हळूहळू 75 मिनिटांपर्यंत. पहिल्याच दिवशी दीड तास पळवलं की दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की तिसऱ्या दिवशी मुलगा येत नाही. नवे लोक गळतात ते बहुतेक याच कारणाने. वेळ संध्याकाळी सात ते सव्वाआठ. पहाटेची वेळ कागदावर छान दिसते, पण दोन वाजता झोपणाऱ्याला साडेपाचला उठवून काही होत नाही, फक्त झोप आणखी कमी होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा साडेसातच्या आधी सुरू करू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून मुलाला काम मिळालं पाहिजे: फक्की आखणं, हजेरी घेणं, गुण लिहिणं, पाण्याचा जार आणणं. हे छोटं वाटतं, पण ‘आज मी गेलो नाही तर मैदान आखलेलंच नसेल’ हा विचार त्याला घराबाहेर काढतो. प्रशिक्षकाला हे आधी सांगून ठेवा, कारण चांगले प्रशिक्षकही असं काम हुशार आणि उत्साही मुलालाच देतात.

मैदानावर मोबाईल एका पिशवीत, सगळ्यांचे, प्रशिक्षकाचाही. तातडीच्या फोनसाठी एकच नंबर चालू, तो सगळ्या पालकांकडे. पाणी पिण्याची पाच मिनिटंही यात धरा. पिशवी उघडली की पाचाची पंधरा होतात. आणि ताई, सव्वाआठला अ‍ॅक्टिव्हा घेऊन फाटकाशी उभं राहू नका. खेळ संपल्यावर ओट्यावर बसून ‘तू तिथे खो का दिला नाहीस’ यावर जी वीस मिनिटं वाद होतो, त्यातच ओळखीची मैत्री होते. पालकांच्या घाईने ती वीस मिनिटं गेली की उरतो फक्त व्यायाम, म्हणजे पुन्हा जिमच.

पाचव्या आठवड्यापासून रात्रीकडे वळा. जेवण नऊपर्यंत. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात, साडेअकराला. तुमचा आणि वडिलांचाही तिथेच. ‘अलार्म लागतो’ ही हमखास येणारी सबब आहे, म्हणून एक साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. ऑनलाइन स्क्वाडला शत्रू समजू नका. तीही त्याची माणसं आहेत, आणि चालू सामना मध्येच सोडला तर त्यांचं नुकसान होतं. म्हणून वेळेऐवजी सामने ठरवा: दहानंतर दोन सामने, तिसरा नाही. प्रत्येकी वीस ते तीस मिनिटं धरली तर अकरापर्यंत आटपतं. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, झोप येणार नाही, ‘मला काही सुचत नाही’ असं म्हणेल. ते उतरतं. सवय रुजायला किती दिवस लागतात यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात मधला आकडा 66 दिवस आला आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत बदलला. म्हणून बारा आठवड्यांच्या आत ‘काही उपयोग नाही’ असा निकाल देऊ नका.

आता बिघडतं कुठे. आपल्या शहरात सध्या सर्वांत मोठा सापळा म्हणजे रात्रीचं बॉक्स क्रिकेट. टर्फ रात्री दहा ते बारा बुक होतं, मुलं बारा वाजता घामाघूम होऊन, नाश्ता करून साडेबाराला घरी येतात. प्रखर दिवे आणि सामन्याचा जोर यामुळे दोनपर्यंत झोप येत नाही, आणि तो वेळ मोबाईल भरून काढतो. पालकांना वाटतं मुलगा खेळतो आहे, पण रात्री दहानंतरचा आकडा वाढलेला असतो. खेळ झोपेच्या किमान दोन तास आधी संपला पाहिजे. नाही तर न खेळलेलं बरं.

दुसरं, संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सरावाची वेळ कळवण्यापुरता तो ठीक. त्यावर सामन्याचे व्हिडिओ, कोण हरलं त्याची चेष्टा सुरू झाली की मैदानच मोबाईलमध्ये शिरतं. ग्रुपवर फक्त दोघांनाच लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. पैसे लावून खेळायच्या फँटसी अ‍ॅपवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, तरी परदेशी साइट्स मुलांपर्यंत पोहोचतात. खेळाविषयीच्या गप्पा ‘किती लावले’ याकडे वळल्या तर दुर्लक्ष करू नका.

तिसरं, खेळ शिक्षा म्हणून देणं. ‘मार्क कमी आले, आता रोज मैदानावर जायचं’ असं म्हटलं की खेळ संपला. आणि चौथं, जिंकण्याचा हव्यास: स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षक चांगले नऊ निवडतो आणि ज्याला संघाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच बाकावर बसतो. स्पर्धेच्या काळात त्याच्यासाठी दुसरी तुकडी चालू राहील का, हे आधीच विचारून ठेवा.

बुजऱ्या मुलाला एकदम संघात ढकलू नका. ज्याला चार लोकांत बोलतानाच घाम फुटतो, तो मोबाईलमध्ये त्या भीतीपासून लपलेला असतो. नऊ जणांसमोर झालेली चूक त्याला आणखी आत ढकलते. त्याला आधी जोडीचा खेळ द्या: कॅरमची दुहेरी, टेबल टेनिसची दुहेरी. मल्लखांबही छान, कारण चढतो एकटाच पण धरायला, सावरायला बाकीचे उभे असतात. किंवा सरळ गणपती मंडळाचं काम, पण तेही नेमकं. ‘मंडळात जा, चार लोकांत मिसळ’ असं म्हणून पाठवलेला मुलगा मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून मोबाईलच बघतो. हातात काम असेल तर बोलणं आपसूक होतं: लायटिंगची वायर ओढणं, वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब, आरतीच्या वेळेची जबाबदारी, विसर्जनाच्या दिवशी दोरी धरणाऱ्यांची यादी. रक्तदान शिबिराची नोंदणी, वाचनालयात पुस्तकं लावणं, लहान मुलांना गणित शिकवणं, हेही चालतं. कसोटी एकच: तो आला नाही तर कोणी फोन करून ‘अरे, कुठे आहेस?’ असं विचारेल का?

मुलींच्या बाबतीत हेच सगळं लागू आहे, फक्त त्यांचा वेळ गेमपेक्षा बहुधा इन्स्टाग्राम आणि चॅटमध्ये जातो आणि त्यात तुलना जास्त असते. सराव सहा ते सव्वासात ठेवा, जाण्यायेण्याला दोघी-तिघी एकत्र. अंधार पडायच्या भीतीने घरचे सगळ्यात आधी मुलीचाच खेळ बंद करतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र बारा आठवडे थांबू नका. दिवस-रात्र पूर्ण उलटी झाली, आंघोळ-जेवण सुटलं, मोबाईल घेतला तर मारहाण किंवा तोडफोड, घरातून पैसे गायब, कॉलेज महिनाभर बंद, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा. अशा वेळी बहुतेकदा मोबाईलच्या मागे नैराश्य, अतिचिंता किंवा लहानपणापासूनचा एकाग्रतेचा त्रास असतो, आणि खो-खो त्यावर औषध नाही. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागेतल्या मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून केवळ तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. खेळ तेव्हाही चालू ठेवायचा, पण उपचारांच्या जोडीला.

शेवटी वर्षाचं गणित, कारण गट मोडतात ते ठरावीक वेळीच. पावसाळ्यात मैदान निसरडं होतं आणि ‘पाऊस थांबला की बघू’ म्हणता म्हणता दोन महिने जातात. जूनमध्येच छपराखालची जागा बघून ठेवा, तिथे त्याच दिवशी, त्याच वेळी, तीच मुलं मल्लखांब, दोरीउड्या, काहीही करोत. नवरात्रात नऊ रात्री गरबा चालणारच, तो थांबवू नका; तोही माणसांतलाच आनंद आहे. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सराव असेल असं आधीच जाहीर करा, कारण उशिरा झोपायची सवय नेमकी तेव्हा पक्की होते. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, तर सगळं वडोदरा पतंगांसाठी गच्चीवर असतं, त्या दोन दिवसांत मोबाईलची चिंताच नको. खरी अडचण त्यानंतर, परीक्षा आल्या की. ‘आता महिनाभर खेळ बंद, अभ्यास कर’ असं घरोघरी म्हणतात. खेळ बंद होतो, मित्र सुटतात, मोबाईल मात्र नोट्सच्या नावाखाली हातातच राहतो. परीक्षेच्या महिन्यात तीनचे दोन दिवस करा, सव्वा तासाची 40 मिनिटं करा, आणि फक्कीचं काम त्याच्याचकडे राहू द्या.